बरखास्त होऊनही बसलेली सभा: व्हर्जिनियाचे हाउस ऑफ बर्जेसेस

अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्याची गोष्ट आपल्याकडे बहुधा बोस्टनच्या बंदरात फेकलेल्या चहाच्या पेट्यांपासून सुरू होते आणि ४ जुलै १७७६ च्या जाहीरनाम्यापाशी येऊन थांबते. या दोन टोकांच्या मधला एक प्रश्न सहसा विचारलाच जात नाही. इंग्लंडच्या राजाशी असलेले नाते तोडायचे हे ठरवले कोणी, आणि तसे ठरवण्याचा अधिकार त्यांच्याकडे आला कुठून? उत्तराचा बराचसा भाग व्हर्जिनिया या वसाहतीत सापडतो. तिथे राजाच्याच संमतीने चालणारी, राजनिष्ठेची शपथ घेऊन बसणारी, मोठ्या जमीनदारांची एक सभा होती. तिचे नाव हाउस ऑफ बर्जेसेस, म्हणजे निवडून दिलेल्या प्रतिनिधींचे सभागृह. दीडशे वर्षे ही सभा तंबाखूचे भाव, शेतांची कुंपणे, रस्ते आणि पाद्र्यांचे पगार अशा विषयांवर कायदे करत राहिली, आणि त्याच सभेतल्या लोकांनी १७७६ च्या मे महिन्यात स्वातंत्र्याचा ठराव मांडण्याचा आदेश दिला. हे कसे घडले ते समजून घ्यायचे असेल, तर गाजलेल्या भाषणांपेक्षा सभेच्या कामकाजाच्या नियमांकडे अधिक लक्ष द्यावे लागते, मग ते कितीही रुक्ष वाटोत.

लंडनच्या व्हर्जिनिया कंपनीने १६०७ मध्ये जेम्सटाउन वसवले. ती व्यापारी कंपनी होती. भागधारकांना नफा हवा होता आणि पहिली दहा-बारा वर्षे त्यांच्या वाट्याला उपासमार, रोगराई व आपसातली भांडणे यांच्याच बातम्या आल्या. लोकांनी इंग्लंड सोडून तिकडे जावे यासाठी काही आमिष दाखवणे भाग होते. म्हणून कंपनीने जमीन देऊ केली, लष्करी कायद्याचा जाच कमी केला आणि वसाहतीच्या कारभारात रहिवाशांना थोडी जागा दिली. ३० जुलै १६१९ रोजी जेम्सटाउनच्या चर्चमध्ये गव्हर्नर सर जॉर्ज यार्डली, त्यांचे सल्लागार मंडळ आणि ११ वस्त्यांतून प्रत्येकी दोन याप्रमाणे निवडलेले प्रतिनिधी एकत्र बसले. उन्हाळा इतका कडक होता की एक प्रतिनिधी अधिवेशन चालू असतानाच दगावला आणि सहा दिवसांत काम आटोपते घ्यावे लागले.

त्या सहा दिवसांतला एक वाद पुढच्या सगळ्या इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. जॉन मार्टिन नावाच्या एका जमीनमालकाला कंपनीकडून मिळालेल्या सनदेत वसाहतीच्या कायद्यांपासून सूट होती. सभेने हरकत घेतली की, ज्याच्यावर आपले कायदे चालत नाहीत त्याच्या माणसांनी इतरांसाठी कायदे करायला का बसावे? मार्टिन यांच्या दोन्ही प्रतिनिधींना बसू दिले गेले नाही. सभा अजून धड उभीही राहिली नव्हती, तरी आपल्यात कोण बसणार हे आपण ठरवणार, ही तिची पहिली भूमिका होती. बाकी कामकाज साधे होते. उत्तम प्रतीच्या तंबाखूला पौंडामागे तीन शिलिंग आणि कमी प्रतीच्या तंबाखूला १८ पेन्स असा भाव तिने बांधून दिला. याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस पकडून आणलेल्या वीसहून काही अधिक आफ्रिकी माणसांना घेऊन एक जहाज व्हर्जिनियाच्या किनाऱ्याला लागले. प्रतिनिधींची सभा आणि गुलामगिरी या दोन्ही गोष्टी त्या भूमीत एकाच उन्हाळ्यात रुजल्या, आणि पुढे दोन्ही एकमेकींच्या आधाराने वाढल्या.

१६२४ मध्ये राजाने कंपनीची सनद रद्द करून व्हर्जिनिया आपल्या थेट अखत्यारीत घेतली. पण त्याच वर्षी सभेने एक कायदा करून ठेवला होता, आणि तो या लेखाच्या केंद्रस्थानी आहे. त्या कायद्यानुसार वसाहतीवर, तिथल्या जमिनींवर किंवा मालावर गव्हर्नरने सभेच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसवायचा नव्हता, आणि वसूल झालेला पैसा सभा सांगेल तसाच खर्च व्हायचा होता. बोस्टनच्या चहाआधी जवळपास दीडशे वर्षे ही गोष्ट कागदावर आली होती. राजाने सभेला मान्यता द्यायला आणखी पंधरा वर्षे लावली. तोवर ती मान्यतेवाचूनच भरत राहिली.

सतराव्या शतकाच्या मध्यापासून कारभाराची घडी अशी बसली. सर्वांत वर राजाने नेमलेला गव्हर्नर होता. त्याच्या खाली राजानेच नेमलेले, बारा-एक बड्या जमीनदारांचे कौन्सिल होते. ते सल्लागार मंडळ, वरिष्ठ सभागृह आणि वरिष्ठ न्यायालय ही तिन्ही कामे करत असे. तिसरा घटक म्हणजे निवडून आलेल्या प्रतिनिधींचे हाउस ऑफ बर्जेसेस. ते १६४३ पासून कौन्सिलपासून वेगळे बसू लागले. कायदा होण्यासाठी तिघांचीही संमती लागे, आणि नंतर लंडनमध्ये राजाच्या प्रिव्ही कौन्सिलला, म्हणजे त्याच्या सल्लागार मंडळाला, तो नामंजूर करता येई. सभेवर गव्हर्नरचे तीन अधिकार चालत: अधिवेशन बोलावणे, ते तहकूब करणे आणि सभा बरखास्त करणे. मराठी वाचकाला ही रचना परकी वाटण्याचे कारण नाही, कारण आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १७४ मध्ये राज्यपालांच्या नावे हेच तीन अधिकार आहेत आणि त्यांचे मूळ एकच, म्हणजे ब्रिटिश संसदीय रीत, आहे. फरक असा की आपल्याकडे हे अधिकार सामान्यतः मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, तर व्हर्जिनियाचा गव्हर्नर ते स्वतःच्या मर्जीने वापरू शकत असे. गव्हर्नर विल्यम बर्कली यांना १६६१ मध्ये सोयीची सभा मिळाली, तेव्हा त्यांनी पुढची चौदा-पंधरा वर्षे निवडणूकच घेतली नाही. लोकांच्या चिडीला त्यातून खतपाणी मिळाले आणि १६७६ च्या बंडात जेम्सटाउन जाळले गेले. १६९९ मध्ये राजधानी विल्यम्सबर्गला हलली आणि पुढची सगळी गोष्ट तिथेच घडली.

या सभेला निवडून कोण देई, हे पाहिल्याशिवाय तिच्याविषयी फार आदराने बोलू नये. १६७० पासून मतदान जमीनधारकांपुरते होते, आणि १७३६ च्या कायद्याने त्यासाठी शंभर एकर पडीक जमीन, अथवा घर असलेली २५ एकर लागवडीची जमीन अशी अट घातली. स्त्रिया, गुलाम, भूमिहीन आणि मूलनिवासी लोक या हिशेबात नव्हतेच. मतदान काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाच्या, कचेरीत, उघडपणे आणि तोंडी होत असे. शेरीफ आणि कारकून मेजाशी बसत, उमेदवारही बहुधा तिथेच बसलेले असत. मतदाराने पुढे येऊन सर्वांदेखत आपल्या पसंतीचे नाव मोठ्याने सांगायचे, आणि ज्याला मत मिळाले त्याने तिथल्या तिथे आभार मानायचे, अशी पद्धत होती. ज्या जमीनदाराकडून उधारीवर बी-बियाणे घेतले, ज्याच्या गोदीतून तंबाखू जहाजावर चढवायचा, त्याच्या तोंडावर दुसऱ्याचे नाव घ्यायला छाती लागे. जॉर्ज वॉशिंग्टन १७५८ मध्ये फ्रेडरिक काउंटीतून निवडून आले, तेव्हा ते स्वतः सैन्याबरोबर दूर होते. त्यांच्या मित्रांनी मतदारांना रम, वाइन, पंच आणि बिअर मनसोक्त पाजली, आणि त्याची बिले वॉशिंग्टन यांनी चुकती केली. निवडणुकीत दारू वाटण्याची प्रथा लोकशाहीत मागाहून शिरलेली विकृती नाही, ती तिच्या जन्मापासूनच सोबत आहे.

याच सभेने गुलामगिरीची कायदेशीर चौकट उभारली. १६६२ च्या कायद्याने अपत्याची स्थिती आईवरून ठरवली. त्यामुळे गुलाम स्त्रीचे मूल, बाप कोणीही असो, जन्मतःच गुलाम ठरले. १७०५ मध्ये गुलामांविषयीचे विखुरलेले कायदे एकत्र करून अधिक कठोर केले गेले. १७७० च्या दशकात व्हर्जिनियाच्या सुमारे पाच लाख वस्तीपैकी दोन लाखांच्या आसपास माणसे गुलाम होती. संमतीवाचून कर म्हणजे गुलामी, असे हे सभासद पुढे सभागृहात गर्जून सांगत, आणि त्यांच्यातील बहुतेकांच्या मळ्यांवर खरे गुलाम राबत असत. ही विसंगती त्या काळच्या लंडनमधल्या टीकाकारांच्या नजरेतून सुटलेली नव्हती.

आता पैशाकडे वळू. गव्हर्नरचा पगार थकवून त्याला वठणीवर आणण्याचा उपाय इतर काही वसाहतींच्या सभा करत असत. व्हर्जिनियात तो शक्य नव्हता, कारण तंबाखूच्या प्रत्येक पिंपावरील दोन शिलिंगांची निर्यातपट्टी १६८० मध्येच कायमची राजाला देऊन टाकलेली होती आणि पगार त्यातून निघे. पण युद्ध आले की हा पैसा पुरत नसे. फ्रेंचांशी सुरू झालेल्या संघर्षासाठी १७५४ मध्ये सभेने दहा हजार पौंड मंजूर केले, ते मात्र स्वतःची समिती नेमून तिच्या देखरेखीखाली खर्च करण्याच्या अटीवर. त्या काळात कारभार सांभाळणारे रॉबर्ट डिनविडी या अटीवर संतापले, पण पैशाची निकड असल्याने त्यांना ती मान्य करावी लागली. त्याआधी याच डिनविडी यांनी जमिनीच्या सनदेवर सही-शिक्का करण्यासाठी एक पिस्टोल, म्हणजे एक स्पॅनिश सोन्याचे नाणे, शुल्क लावले होते. रक्कम किरकोळ होती. तरी सभेने हे शुल्क नसून कर आहे असा पवित्रा घेतला, आणि पेटन रँडॉल्फ यांना वकिली करायला थेट लंडनला पाठवले. प्रिव्ही कौन्सिलने तडजोड केली. शुल्क कायम राहिले, पण शंभर एकरांपेक्षा लहान जमिनींना आणि डोंगरापलीकडच्या प्रदेशाला ते लागू होणार नव्हते. एका नाण्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असे आज वाटू शकते. पण तत्त्वाचा प्रश्न लहान रकमेवरच लढवावा लागतो, हे या जमीनदार वकिलांना चांगले ठाऊक होते, कारण मोठी रक्कम येईपर्यंत थांबले की पूर्वीचे उदाहरण विरोधात गेलेले असते.

२२ मार्च १७६५ रोजी ब्रिटिश संसदेने स्टँप अॅक्ट मंजूर केला, तेव्हा ही सगळी तालीम कामी आली. युद्धाने इंग्लंड कर्जात बुडाले होते आणि अमेरिकेत ठेवलेल्या फौजेचा काही खर्च वसाहतींनी उचलावा, ही लंडनची अपेक्षा तशी अवाजवी नव्हती. दावे, खते, परवाने, वर्तमानपत्रे, इतकेच काय पण पत्त्यांचे जोडसुद्धा मुद्रांकित कागदावरच असले पाहिजेत, असा तो कायदा होता. मुद्रांक शुल्क आपल्याला इतके सवयीचे आहे की त्यावरून क्रांती का व्हावी हे चटकन कळत नाही. वाद दराचा नव्हता, कर लावणाऱ्याच्या अधिकाराचा होता. लंडनचे म्हणणे असे की संसद साऱ्या साम्राज्याची आहे. मँचेस्टर किंवा बर्मिंगहॅमलाही स्वतःचा सभासद नाही, तरी संसद त्यांचे हित पाहते, तशीच ती व्हर्जिनियाचेही पाहते. वसाहतींचे म्हणणे असे की, जो सभासद स्वतः तो कर भरणार नाही आणि ज्याला आम्ही निवडणुकीत पाडू शकत नाही, तो आमचा प्रतिनिधी कसा? कर ही प्रजेने राजाला दिलेली देणगी आहे, आणि देणगी ज्याची त्यानेच द्यायची असते. व्हर्जिनियाच्या बाजूने ती देण्याचे काम १६२४ पासून हाउस ऑफ बर्जेसेस करत आले होते.

मे १७६५ च्या अखेरीस अधिवेशन संपत आले होते. ११६ पैकी बहुतेक सभासद घरी निघून गेले होते आणि अवघे ३९ उरले होते. नुकतेच निवडून आलेले पॅट्रिक हेन्री त्या दिवशी, २९ मे रोजी, २९ वर्षांचे झाले. त्यांनी स्टँप अॅक्टविरुद्ध ठराव मांडले. दुसऱ्या दिवशी पाच ठराव संमत झाले. व्हर्जिनियावर कर बसवण्याचा अधिकार फक्त तिच्या सभेला आहे, असे ठासून सांगणारा पाचवा ठराव अवघ्या एका मताने तरला. हेन्री गावी परतताच ज्येष्ठ सभासदांनी तो पुसून टाकला. दाराशी उभे राहून ही चर्चा ऐकणाऱ्यांमध्ये थॉमस जेफर्सन नावाचा एक तरुण विद्यार्थी होता. हेन्री यांच्या तोंडी ‘हा राजद्रोह असेल, तर त्याचे काय करायचे ते करा’ असे जे बाणेदार वाक्य सांगितले जाते, ते त्यांच्या चरित्रकाराने अर्धशतकानंतर लोकांच्या आठवणींवरून जुळवलेले आहे. त्या दिवशी हजर असलेल्या एका फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवले आहे की, सभापतींनी हटकल्यावर हेन्री यांनी चक्क माफी मागितली. त्याने ठरावांचे वजन कमी होत नाही. इतर वसाहतींच्या वर्तमानपत्रांनी रद्द झालेला पाचवा ठराव तर छापलाच, शिवाय कधी संमतच न झालेले आणखी जहाल ठरावही व्हर्जिनियाच्या नावावर छापले. सबंध किनारपट्टीला वाटले की सर्वांत जुनी आणि सर्वांत मोठी वसाहत पेटून उठली आहे. काही वेळा अर्धवट बातमीच चळवळीचे काम करून जाते.

१ जूनला गव्हर्नर फ्रान्सिस फॉकियर यांनी सभा बरखास्त केली आणि पुढचे कितीतरी महिने ती भरू दिली नाही. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला स्टँप अॅक्टविरोधी परिषद भरली. नऊ वसाहतींनी माणसे पाठवली, पण ज्यांच्या ठरावांनी रान पेटवले त्या व्हर्जिनियाचे कोणीच तिथे नव्हते. कारण सरळ होते. प्रतिनिधी निवडायचे तर सभा भरायला हवी, आणि सभा भरवणे गव्हर्नरच्या हाती होते. १७६५ मध्ये दाराला कुलूप लावणे पुरेसे ठरले. नऊ वर्षांनी ते पुरले नाही, आणि या नऊ वर्षांत काय बदलले हे समजले की वसाहतीची सभा चळवळीची पुढारी कशी होते हेही उलगडते.

स्टँप अॅक्ट १७६६ मध्ये मागे घेतला गेला, पण वसाहतींवर कोणताही कायदा लादण्याचा आपला हक्क संसदेने त्याच वेळी कायद्याने जाहीर करून ठेवला. १७६७ मध्ये काच, कागद, शिसे, रंग आणि चहा यांवर आयातपट्टी आली. मे १७६९ मध्ये हाउस ऑफ बर्जेसेसने पुन्हा ठराव केले. कर बसवण्याचा हक्क आमचाच, इतर वसाहतींबरोबर मिळून राजाकडे दाद मागण्याचा हक्क आम्हाला आहे, आणि इथल्या माणसाला खटल्यासाठी समुद्रापार नेता येणार नाही, असा त्यांचा आशय होता. गव्हर्नर बॉटेटॉर्ट हे मनमिळाऊ आणि लोकप्रिय गृहस्थ. १७ मे रोजी त्यांनी सभासदांना बोलावून थोडक्यात सांगितले की, तुमच्या ठरावांचा परिणाम मला बरा दिसत नाही, तुम्हाला बरखास्त करणे तुम्हीच माझे कर्तव्य करून ठेवले आहे, आणि त्यानुसार तुम्ही बरखास्त झाला आहात.

सभासद बाहेर पडले आणि पांगले नाहीत. त्याच रस्त्यावर थोड्या अंतरावर रॅले टॅव्हर्न नावाची खानावळ होती. तिच्या अपोलो नावाच्या दालनात ते जमले. तिथे आता कोणी बर्जेस नव्हते, सगळे खासगी नागरिक होते. तरी पेटन रँडॉल्फ, जे सभागृहात सभापती होते, त्यांनाच त्यांनी अध्यक्ष केले. कामकाज सभागृहासारखेच चालले. जॉर्ज मेसन यांच्यासारख्यांच्या सहभागाने तयार झालेला, ब्रिटिश माल न मागवण्याचा करार वॉशिंग्टन यांनी पुढे ठेवला आणि १८ मे रोजी त्यावर सह्या झाल्या. मग पेले भरले गेले आणि राजा, राणी व नुकतेच बरखास्त करणारे गव्हर्नर बॉटेटॉर्ट यांच्या नावाने ते उंचावले गेले. त्यात ढोंग नव्हते. त्यांच्या दृष्टीने ते राजाविरुद्ध नव्हतेच, संसदेच्या अतिक्रमणाविरुद्ध होते. कराराची अंमलबजावणी ढिली झाली आणि माल येत राहिला, हेही खरे. पण सभेचे अस्तित्व गव्हर्नरच्या बोलावण्यावर अवलंबून नाही, ते सभासदांना ज्यांनी निवडले त्यांच्यावर आहे, हा धडा त्या दालनात गिरवला गेला.

१२ मार्च १७७३ रोजी सभेने आणखी एक साधा दिसणारा निर्णय घेतला. आदल्या वर्षी ऱ्होड आयलंडमध्ये जकातीच्या कामावरचे ब्रिटिश आरमाराचे ‘गॅस्पी’ हे जहाज जाळले गेले होते आणि आरोपींना इंग्लंडला नेण्याची तयारी चालली होती. त्यावर इतर वसाहतींच्या सभांशी पत्रव्यवहार ठेवण्यासाठी एक कायमची समिती नेमली गेली आणि बाकीच्यांनीही तसे करावे असे कळवले गेले. तोवर प्रत्येक वसाहतीचा पत्रव्यवहार लंडनशी होता, आपसात फारसा नव्हता. आता वसाहतींच्या सभा एकमेकींना थेट लिहू लागल्या, आणि सभा तहकूब असली तरी समितीचे काम चालू राहू शकत होते.

त्याच वर्षी डिसेंबरात बोस्टनला चहा बुडवला गेला. तो ईस्ट इंडिया कंपनीचा होता. आपल्याला परिचित असलेली तीच ही कंपनी, जिच्या मुंबई कौन्सिलने मार्च १७७५ मध्ये रघुनाथरावांशी सुरतचा तह केला. ती कर्जात रुतली होती आणि तिचा पडून असलेला चहा अमेरिकेत खपवून तिला सावरावे, हा संसदेच्या नव्या कायद्याचा हेतू होता. शिक्षा म्हणून १ जून १७७४ पासून बोस्टनचे बंदर बंद करण्याचे ठरले. व्हर्जिनियातल्या तरुण सभासदांनी त्या दिवशी उपवास आणि प्रार्थना करण्याचा ठराव आणायचे ठरवले. स्वतः काही फार धार्मिक नसलेल्या जेफर्सन आणि मंडळींनी शतकापूर्वीच्या इंग्रजी यादवीच्या काळातील ठरावांचे नमुने जुन्या ग्रंथांतून हुडकून काढले, भाषा थोडी आजची केली, आणि ठराव मांडायला रॉबर्ट कार्टर निकोलस या धीरगंभीर, धर्मशील सभासदाला गळ घातली. उपवासाला विरोध कोण करणार? २४ मे रोजी तो संमत झाला आणि २६ मे रोजी गव्हर्नर लॉर्ड डनमोर यांनी सभा बरखास्त केली.

पुढचे दोन दिवस मोठे विलक्षण आहेत. वॉशिंग्टन आदल्या संध्याकाळी डनमोर यांच्याकडे जेवायला होते आणि बरखास्तीच्या दिवशी सकाळी त्यांच्या शेतावर गेले होते. २७ मे रोजी ८९ माजी सभासद पुन्हा रॅले टॅव्हर्नमध्ये जमले. एका वसाहतीवरचा हल्ला हा सगळ्या वसाहतींवरचा हल्ला आहे असे त्यांनी जाहीर केले, ईस्ट इंडिया कंपनीच्या मालावर, सोरा आणि मसाले वगळून, बहिष्काराची हाक दिली आणि सर्व वसाहतींची वार्षिक परिषद भरवण्याची सूचना केली. त्याच रात्री या मंडळींनी लेडी डनमोर यांच्या सन्मानार्थ ठरलेला नृत्यसमारंभही रीतसर पार पाडला. सोरा वगळण्याचे कारण उघड आहे, त्याशिवाय बंदुकीची दारू होत नाही.

डनमोर यांच्या घाईचा एक परिणाम त्यांच्या लक्षात आला नसावा. न्यायालयीन शुल्काचा कायदा मुदत संपून पडला होता आणि त्याचे नूतनीकरण व्हायच्या आतच सभा गेली. शुल्क ठरवणारा कायदा नाही म्हणून दिवाणी न्यायालये बंद पडली. लंडनच्या व्यापाऱ्यांची थकीत कर्जे वसूल करण्याचा मार्गच त्यामुळे खुंटला, आणि कर्जबाजारी तंबाखू-मळेवाल्यांना हे फारसे दुःखद वाटले नाही. त्यांच्या देशप्रेमात स्वतःच्या सोयीचा अंश होता हे मान्य करायला हरकत नाही. पश्चिमेकडच्या जमिनींवर १७६३ मध्ये राजाने घातलेली बंदीही अनेकांच्या मनात सलत होती.

ऑगस्ट १७७४ मध्ये सभासदांनी गव्हर्नरला न विचारता विल्यम्सबर्गमध्ये अधिवेशन भरवले. त्याला त्यांनी हाउस ऑफ बर्जेसेस म्हटले नाही, कन्व्हेन्शन म्हटले. माणसे बहुतेक तीच, मतदारसंघ तेच आणि अध्यक्षही रँडॉल्फच. नऊ वर्षांपूर्वी जे करता आले नव्हते ते त्यांनी आता केले, म्हणजे सात प्रतिनिधी निवडून फिलाडेल्फियाला पाठवले. ५ सप्टेंबरला तिथे भरलेल्या पहिल्या काँटिनेंटल काँग्रेसचे, म्हणजे वसाहतींच्या संयुक्त परिषदेचे, अध्यक्षपदही रँडॉल्फ यांच्याकडेच आले. बहिष्कार पाळला जातो की नाही हे पाहण्यासाठी काउंटी-काउंटीत समित्या निवडल्या गेल्या. त्या व्यापाऱ्यांच्या खतावण्या तपासत आणि करार मोडणाऱ्याचे नाव वर्तमानपत्रात छापत. डनमोर यांनी डिसेंबरात लंडनला कळवले की, समितीचा सभासद म्हणून वगळता व्हर्जिनियात आता एकही न्यायाधीश काम करत नाही. सत्ता हातातून गेली आहे हे त्यांना पुरते कळले होते, फक्त ती नेमकी कोणत्या दिवशी गेली हे कोणालाच सांगता आले नसते.

एप्रिल १७७५ मध्ये त्यांनी विल्यम्सबर्गच्या शस्त्रागारातली बंदुकीची दारू रातोरात काढून नेली आणि उरलीसुरली भीडही संपली. १ जूनला त्यांनी हाउस ऑफ बर्जेसेसला शेवटचे बोलावले. वसाहतींनी आपला खर्च स्वतः भागवल्यास संसद कर लावणार नाही, असा लंडनचा प्रस्ताव विचारार्थ होता. सभेने तो नाकारला. दरम्यान ८ जूनला डनमोर यांनी कुटुंबासह ‘फोवी’ या युद्धनौकेवर आश्रय घेतला आणि विधेयकांना संमती हवी असेल तर त्यासाठी माझ्याकडे या असे कळवले. सभेने जायला नकार दिला. नोव्हेंबरमध्ये डनमोर यांनी, बंडखोर मालकांचे जे गुलाम राजाच्या फौजेत सामील होतील ते मुक्त समजले जातील, असा जाहीरनामा काढला. शेकडो गुलाम जीव धोक्यात घालून त्यांच्याकडे पळाले. तोवर काठावर असलेले कितीतरी मळेवाले या जाहीरनाम्यानंतर स्वातंत्र्याच्या बाजूला झुकले. स्वातंत्र्याच्या कथेतला हा भाग अडचणीचा आहे, आणि म्हणूनच तो वगळून चालत नाही.

सभा कायद्याने अजून जिवंत होती. ऑक्टोबर १७७५ आणि मार्च १७७६ मध्ये मोजके सभासद जमले आणि गणपूर्तीअभावी उठले. ६ मे १७७६ रोजी काहीजण पुन्हा आले. त्यांनी कामकाज सुरू केले नाही आणि तहकूबही केले नाही. कारकुनाने इतिवृत्तात तशी नोंद करून खाली मोठ्या अक्षरात ‘समाप्त’ या अर्थाचा लॅटिन शब्द लिहिला. त्याच दिवशी, त्याच इमारतीत, पाचवे कन्व्हेन्शन सुरू झाले. १५ मे रोजी हजर असलेल्या ११२ सभासदांनी एकमताने आपल्या प्रतिनिधींना आदेश दिला की, वसाहती स्वतंत्र झाल्याचे घोषित करण्याचा प्रस्ताव त्यांनी काँग्रेसमध्ये मांडावा. त्यानुसार रिचर्ड हेन्री ली यांनी ७ जूनला तो मांडला आणि २ जुलैला काँग्रेसने स्वीकारला. ४ जुलैचा जाहीरनामा, ज्याचा मसुदा जेफर्सन यांनी केला, तो या निर्णयाचे कारण जगाला सांगण्यासाठी होता.

त्याआधीच, २९ जूनला, व्हर्जिनियाने आपली राज्यघटना मंजूर केली होती. ती वाचताना दीडशे वर्षांच्या तक्रारींची यादीच वाचल्यासारखे होते. गव्हर्नर दरवर्षी दोन्ही सभागृहांनी मिळून निवडायचा, सलग तीन वर्षांपेक्षा जास्त नाही. त्याला नकाराधिकार नाही. चालू अधिवेशन त्याने तहकूब करायचे नाही, आणि सभा तर कधीच बरखास्त करायची नाही. सर्व कायदे कनिष्ठ सभागृहातूनच सुरू होणार आणि पैशाच्या विधेयकात वरिष्ठ सभागृहाला दुरुस्ती करता येणार नाही. पहिले गव्हर्नर झाले पॅट्रिक हेन्री. मताधिकाराविषयी मात्र घटनेने एवढेच म्हटले की तो सध्या आहे तसाच राहील. गोऱ्या पुरुषांसाठी मालमत्तेची अट उठायला त्यानंतर पाऊण शतक लागले, आणि गुलामगिरी जायला १८६५ साल उजाडले.